पावणेसहा फूट

शार्लट, रविवार रात्र

जेवणं झाली, घर झोपलं. मला झोप नाही. कानात अजून तो ढोल वाजतोय.

लेकीकडे येऊन आज महिना झाला. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही खेळातले माणूस, एक सामना बघायलाच हवा." म्हणून आज इथल्या पँथर्स संघाच्या मैदानावर गेलो. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, इथला अमेरिकन. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर गाद्या आणि अंगावर धावून जायचं. तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, पण खरं सांगतो, निम्माही कळला नाही. चार पावलं खेळतात आणि चहाला थांबावं तसे थांबतात. सामन्याआधी मात्र एकाने मोठा ढोल चार वेळा बडवला आणि सगळं मैदान ओरडलं, 'कीप पाउंडिंग'. घाव घालत राहा.

हे कुणाचं, असं विचारलं तर जावई मला बाहेर एका पुतळ्यापाशी घेऊन गेले. सॅम मिल्स. जर्सीचा क्रमांक ५१. या संघाने कायमचा बाजूला काढून ठेवलेला एवढा एकच क्रमांक. जावई सांगू लागले, "बाबा, हा फार बुटका होता. तरीही..."

विचारलं, बुटका म्हणजे किती? तर पाच फूट नऊ इंच.

मला हसूच आलं. म्हणजे पावणेसहा फूट! आमच्या वाळवा तालुक्यात एवढ्या उंचीच्या मुलाच्या स्थळपत्रिकेत 'उंचापुरा' लिहितात. पण हा ज्या जागेवर खेळायचा तिथे सव्वासहा फुटांच्या आसपासचे गडी असतात, आणि त्यांना अडवायला समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे पहाड येतात. त्यांच्यात याला 'फील्ड माउस' म्हणायचे. शेतातला उंदीर. आमच्याकडेही असली नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही.

परत येताना गाडीत आणि मग घरी जावयांना विचारून विचारून बेजार केलं. झोपायच्या आधी लिहून ठेवतो.

जन्म १९५९ चा, न्यू जर्सीतला. माँटक्लेअर स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजातून खेळला, झकास खेळला. १९८१ साली मोठ्या लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, संघांनी नवे खेळाडू निवडले त्यात याला कुणीच घेतलं नाही. क्लीव्हलंडच्या संघाने सरावाला बोलावलं आणि काढून टाकलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोरंटोला गेला, तिथूनही परत. मग ईस्ट ऑरेंजच्या हायस्कुलात मास्तर झाला. सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवायचा. हे ऐकलं आणि माणूस एकदम आपल्यातला वाटायला लागला. रंधा मारायला शिकवणारा मास्तर, मापातला मजबूत, आणि मनात मैदान.

१९८३ साली तिथे एक नवी लीग निघाली, यूएसएफएल. वसंतात खेळायची. नव्या दुकानाला गिऱ्हाइकाइतकीच माणसंही लागतात, तसं झालं. फिलाडेल्फिया स्टार्सने मिल्सला घेतलं. प्रशिक्षक जिम मोरा. तीन हंगाम झाले, तिन्ही वेळा संघ अंतिम सामन्यात, त्यातली दोन विजेतेपदं. लीग मात्र बुडाली. बुडता बुडता त्यांनी मोठ्या लीगवर मक्तेदारीचा दावा लावला, जिंकलाही, आणि कोर्टाने भरपाई दिली एक डॉलर. कायद्याने तिप्पट करून तीन. हे ऐकून मी एवढा हसलो की लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण त्या तीन डॉलरच्या लीगने मिल्स दिला. १९८६ साली मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सला गेले आणि जाताना याला बरोबर घेऊन गेले. सेंट्स म्हणजे तोवर हरण्यासाठीच प्रसिद्ध. एक धड हंगाम त्यांच्या नावावर नव्हता. तो हंगाम १९८७ ला आला, बारा विजय आणि तीन पराभव. पुढे रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स या चौघांच्या फळीला 'डोम पट्रोल' म्हणायला लागले, आणि १९९२ च्या हंगामात चौघेही एकदम सर्वोत्तमांच्या सामन्यासाठी निवडले गेले. मोरांनी पुढे सांगून टाकलं, मी शिकवलेला सगळ्यात चांगला खेळाडू सॅम मिल्स.

आता माझं म्हणणं. जावई सारखे म्हणत होते, उंची कमी असूनही, उंची कमी असूनही. जिद्द बघा, काळीज बघा. लहान चणीच्या खेळाडूचं कौतुक करायचं झालं की आपण लगेच काळजाकडे वळतो, जणू त्याला डोकं आणि अंग नसतंच. मी त्यांना फोनवर त्याचे जुने सामने लावायला सांगितले आणि दिसलं ते वेगळंच. समोरचा पहाड उभा राहायच्या आत हा त्याच्या छातीखाली शिरलेला. खांद्याखाली खांदा. कुस्तीत पट काढायला ठेंगणा गडी शिरतो ना, तसा. उंच पहिलवानाला तेवढं खाली वाकायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ हाच सगळा डाव. आणि चेंडू कुठे जाणार ते याला आधी कळलेलं. कबड्डीत आमचे कोपऱ्यावरचे चांगले खेळाडू चढाई करणाऱ्याचा चेहरा बघत नाहीत, त्याचा पुढचा पाय बघतात. तसं काहीतरी. मी जावयांना म्हटलं, असूनही नव्हे हो, असल्यामुळे.

ते म्हणाले, "मग निवडणाऱ्यांना ते का दिसलं नाही?"

यावर गप्प बसलो. उत्तर माहीत होतं म्हणून.

साठ पोरं, बारा जागा आणि एक दुपार. उद्या सकाळी यादी द्यायची. अशा वेळी टेप हातात असला की फार बरं वाटतं. टेप भांडत नाही. कुणाच्या बापाला उत्तर द्यायचं झालं तर आकडा पुढे करता येतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या निवडीसाठी मी शाळेचा कबड्डी संघ काढत होतो. वस्तीवरचा एक पोरगा होता, बारकुंडा, अनवाणी यायचा. उजव्या कोपऱ्यावरून घोटा असा धरायचा की मोठी पोरं तिकडे जायला कचरायची. मी त्याच्या जागी बागायतदाराचा उंच मुलगा घेतला. वशिला नव्हता, शपथ. मला खरंच वाटलं की वरच्या पातळीवर याचा निभाव लागायचा नाही. रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले, 'उंची कमी'. निळी शाई. रकाना अरुंद होता म्हणून अक्षरं दाबून बसवली, तेही आठवतंय.

तो रडला नाही, भांडला नाही. मैदान आखायची दोरी गुंडाळायला मदत केली आणि गेला. आता दूध संकलनाची गाडी चालवतो. सकाळी भेटला की ब्रेक मारून "सर, नमस्कार" म्हणतो. त्याला कुठल्या नव्या लीगची जाहिरात दिसली नाही. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हा त्याचं लग्न होऊन गेलं होतं.

मिल्सचं पुढचं लिहितो. १९९५ साली पँथर्स हा नवा कोरा संघ निघाला, हा तिथे आला. वय छत्तीस. पहिले पाच सामने हरले. सहाव्यात न्यूयॉर्क जेट्सने जवळच्या जवळ टाकलेला चेंडू याने मधेच झेलला आणि ३६ यार्ड पळत जाऊन रेषा ओलांडली. संघाचा पहिला विजय तो. १९९७ नंतर खेळणं थांबवून तिथेच प्रशिक्षक झाला.

२००३ च्या ऑगस्टमध्ये आतड्याचा कर्करोग निघाला. उपचार घेत घेत शिकवायला येत राहिला. जानेवारी २००४ मध्ये डॅलसविरुद्धच्या सामन्याआधी पोरांशी बोलला. कर्करोग कळल्यावर माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या, सोडून देणं किंवा घाव घालत राहणं, असं काहीसं. संघ तो सामना जिंकला आणि जिंकत जिंकत थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे तीन गुणांनी हरला. एप्रिल २००५ मध्ये मिल्स गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता.

कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं ते २०२२ साली. नेहमीच्या वाटेने निवड व्हायची मुदत त्याच वर्षी संपत होती. भाषण त्याच्या बायकोने केलं. तिथेही टेप लावून बसले होते की काय कोण जाणे.

मघाशी झोपायच्या आधी नातू आला. त्याच्या खोलीच्या दारावर पेन्सिलीच्या खुणा आहेत, दर महिन्याला उंची मोजतात. "आबा, आज तुम्ही मोजा." दाराला पाठ लावून उभा राहिला. मी पट्टी डोक्यावर आडवी धरली. त्याने हळूच चवडे उचलले.

"टाच टेकव," मी म्हटलं. अगदी तसंच, शाळेतल्या आवाजात.