फॅटी लिव्हरमध्ये व्रण कोण करतं आणि कोण पुसतं

फॅटी लिव्हर आता इतकं कॉमन झालंय की सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ग्रेड १ किंवा ग्रेड २ दिसलं तरी लोक "असतं हो सगळ्यांनाच" म्हणून फाईल ठेवून देतात, नाहीतर एकदम घाबरून रात्रभर मोबाईलवर वाचत बसतात. पण तो ग्रेड फक्त चरबी किती दिसतेय एवढंच सांगतो. लिव्हरमध्ये व्रण (जखम भरल्यावर मागे राहतो तसा) म्हणजे फायब्रोसिस सुरू झालाय का ते त्यातून कळत नाही, आणि या आजारात माणसाचं पुढे काय होणार हे सगळ्यात जास्त ठरतं ते व्रणावरूनच. त्यासाठी फिब-४ नावाचा साधा हिशोब आहे, वय आणि रक्त तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (ही लिव्हरची एन्झाइम) आणि प्लेटलेट एवढंच लागतं. तो १.३ च्या खाली आला तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी (पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात), वर आला तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नॉर्मल असूनही व्रण असू शकतो.

चरबी स्वतः व्रण करत नाही. मधे काम करतात त्या आपल्याच इम्यून सेल्स, आणि त्यांची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

लिव्हरमध्ये कायम मुक्कामाला असलेल्या भक्षक पेशी असतात, त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. आतड्यातून येणारं रक्त आधी लिव्हरमध्येच येतं, त्यासोबत आलेले जंतू आणि जंतूंचे तुकडे या पेशी गिळून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण लिव्हरच्या पेशींमध्ये चरबी मावेनाशी झाली की त्या फुगतात, काही मरतात, त्यातून धोक्याचे सिग्नल बाहेर पडतात आणि कुप्फर पेशी ते ओळखून आणखी कुमक मागवतात, मग अस्थिमज्जेत तयार झालेल्या मोनोसाइट पेशी रक्तातून लिव्हरमध्ये शिरतात आणि तिथे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी बनतात. या नव्या मॅक्रोफेज जास्त आक्रमक. त्या टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या स्टेलेट पेशी जाग्या होतात. या स्टेलेट पेशी एरवी व्हिटॅमिन ए साठवून गप्प बसलेल्या असतात, आपल्या शरीरातलं बहुतेक व्हिटॅमिन ए त्यांच्याकडेच असतं, पण एकदा जाग्या झाल्या की तो साठा सोडून देऊन कोलॅजेन नावाचे प्रोटीनचे धागे विणायला लागतात. तोच व्रण. टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या इम्यून सेल्सही यात असतात, २०२१ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवलं की काही सीडी-८ टी पेशी समोर शत्रू आहे का हे न ओळखताच लिव्हरच्या पेशी मारत सुटतात.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मग या मॅक्रोफेजच काढून टाका ना! एडिनबरोच्या टीमने २००५ मध्ये उंदरांवर नेमकं हेच करून बघितलं. लिव्हरला इजा चालू असताना मॅक्रोफेज काढल्या तर व्रण कमी झाला, अपेक्षेप्रमाणेच. पण इजा थांबवल्यावर, लिव्हर सावरत असताना त्या काढल्या तर व्रण गेलाच नाही, तसाच राहिला. म्हणजे व्रण वाढवणाऱ्याही मॅक्रोफेज आणि साफ करणाऱ्याही मॅक्रोफेजच. २०१२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की बाहेरून आलेल्या त्याच मोनोसाइटपासून बनलेल्या पेशी नंतर रूप बदलतात आणि कोलॅजेन तोडणारी एन्झाइम बनवायला लागतात. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं, कारण व्रण म्हणजे कायमचा असंच आपण सगळे धरून चाललेलो असतो.

सेनिक्रिव्हिरॉक नावाचं औषध या मोनोसाइट पेशींना लिव्हरमध्ये येण्यापासून अडवणारं होतं, सुरुवातीला खूप आशा होती पण तिसऱ्या टप्प्याची चाचणी उपयोग दिसेना म्हणून थांबली. कारणं बरीच असतील, पण माझं मत असं की आग लावणारे आणि विझवणारे एकाच दारातून येत असतील तर ते दार बंद करून चालत नाही, आग कशाने लागतेय तेच काढावं लागतं. आणि ते काढल्यावर फरक पडतो याचा पुरावा आहे. क्यूबामध्ये २९३ जणांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी सगळ्यांची आणि नंतर बहुतेकांची बायोप्सी (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणी) केली होती, तो अभ्यास २०१५ मध्ये आला, ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ४५ टक्के लोकांचा व्रण मागे गेला. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेलं रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये याच आजारासाठी मंजूर झालेलं सेमाग्लुटाइड, दोन्ही मुख्यतः चरबी आणि चयापचयावरच काम करतात.

आणि म्हणूनच, फॅटी लिव्हर आहे म्हणून कुणी इम्युनिटी वाढवायचा काढा किंवा पावडर देत असेल तर कृपा करून थांबा. इथे इम्युनिटी कमी पडलेली नाहीये, ती आधीच पेटलेली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटचा अहवाल छापला होता, त्यात लिव्हरवर स्वतःच्याच इम्यून सेल्सनी हल्ला केल्यासारखं चित्र दिसलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल असं म्हटलं, पण पुढच्या वर्षी देशातल्या १३ सेंटरमधून ४३ पेशंटची माहिती आली. त्यामुळे घरात कुणी गुळवेल घेत असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.