गवताची गंजी आणि नगरची मंडळी

मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांनी वेढलेलं विल्यमस्टाउन हे आमचं गाव. वस्ती सात-आठ हजारांची. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला चर्चची ओळख झाली ती तळघरातल्या स्वयंपाकघरातून. प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा, अशी जेवणं तिथे होतात. मी नेलेल्या मसालेभाताच्या पातेल्याशेजारी भोपळ्याचं सूप होतं, आणि माझ्याकडून भांडी घासायला घेणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या.

हे चर्च काँग्रिगेशनल पंथाचं, प्रोटेस्टंटांमधलं. वर बिशप नाही. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण हवा, पैसा कुठे खर्च करायचा, हे सभासद मतदानाने ठरवतात. १८३३ पर्यंत या राज्यात चर्चचा खर्च करातून भागायचा, आता सगळं सभासदांच्या वर्गणीवर. एकदा वार्षिक सभेला मागच्या बाकावर बसले होते. बॉयलर बदलायचा की गरजूंच्या धान्यासाठीची रक्कम वाढवायची, यावर तासभर वाद झाला. पाळकबाई गप्प ऐकत होत्या. शेवटी हात वर झाले, मोजले गेले. धान्य जिंकलं. त्या वर्षी आम्ही सगळे कोट घालून उपासनेला बसलो.

उपासनेत एक वेळ अशी येते की ज्याला वाटेल त्याने उभं राहून आपलं सुखदुःख सांगायचं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाला नात झालेली असते. एका गृहस्थांनी फक्त "आज तिला जाऊन वर्ष झालं" एवढंच म्हटलं आणि खाली बसले. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून त्यांचा हात धरला, तो शेवटच्या स्तोत्रापर्यंत सोडला नाही. नगरला आमच्या शेजारच्या काकू चर्चला जाणाऱ्यांना 'मंडळी' म्हणायच्या. त्या शब्दाचा अर्थ मला इथे उमगला.

आणि नगरशी या गावाचं नातं खरंच आहे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये इथल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मैदानात प्रार्थना करत असताना वादळ आलं. ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी धर्मप्रसाराला जायचं, असं तिथे बोलणं झालं. त्यातून पुढे, १८१० मध्ये, अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजातून १८०८ मध्ये पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना कॉलऱ्याने गेला. मिशन १८३१ मध्ये नगरला पोहोचलं. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये तिथेच सुरू झालं, आणि पुढे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही ते सांभाळलं. धर्मांतराबद्दल आपल्याकडे मतं वेगवेगळी आहेत, माझ्या घरातही. पण मराठी छपाईला आणि शाळांना या लोकांचा हात लागला, हे मला मोठं वाटतं.

गंजीच्या जागी आता संगमरवरी स्तंभ आहे, १८६७ चा, वर पृथ्वीचा गोल. त्याचा फोटो मी काकूंना पाठवला. लगेच फोन आला. "गंजी कडब्याची होती का गं?"

"नाही काकू, गवताची."

थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रविवारी तिथली घंटा वाजेल तेव्हा फोन लाव. मला ऐकायचीय."

इथे सकाळचे दहा, नगरला संध्याकाळचे साडेसात. मी रस्त्याच्या कडेला फोन वर धरून उभी राहिले.