डिलीट दाबण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आम्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे नवंच काम सुरू झालं. चांगली चालणारी मशीनं अपग्रेडच्या नादात बंद पडून येऊ लागली. त्यातली नोव्हेंबरमधली एक केस अजून डोक्यातून जात नाही.

कर सल्लागार मॅडमचं ऑफिस, जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची २० तारीख तोंडावर. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा असेंबल्ड पीसी. तो विंडोज ११ला चालतो, पण तपासणीत 'सिक्युअर बूट'वर, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीवर, अडला. ऑफिसातल्या मुलानं व्हिडिओ बघून बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) सीएसएम हे जुन्या पद्धतीनं बूट करू देणारं सेटिंग बंद केलं आणि सेव्ह केलं. त्यानंतर बटण दाबलं की थेट बायोसच उघडायचं, विंडोजचा पत्ता नाही.

मी पोचलो तेव्हा एक तरुण टेक्निशियन आधीच बसला होता. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू करून तो पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, यादीपर्यंत आला होता. "विंडोज करप्ट झालंय, सगळं उडवून नवीन टाकावं लागेल," म्हणाला. मॅडम निर्धास्त होत्या, "उडवा, टॅलीचा बॅकअप आहे ई ड्राइव्हला." माझ्या पोटात गोळा आला. सी, डी, ई तिन्ही एकाच एसएसडी डिस्कवर! त्याच डिस्कवरच्या कॉपीला लोक बॅकअप म्हणतात, आणि मशीन विकणारे त्यांना कधी सांगत नाहीत.

माउसचा बाण 'डिलीट'वर होता. मी त्याला थांबवलं आणि यादीखालची पिवळ्या त्रिकोणाची ओळ वाचायला लावली: या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टीमवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसतं. एमबीआर ही डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी; आणि ईएफआय म्हणजे बायोसची नवी पिढी. अख्खं निदान स्क्रीनवर लिहून आलं होतं.

जुन्या पद्धतीत बायोस डिस्कचा पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधला कोड वाचून बूट सुरू करतो. यूईएफआय (तेच ईएफआय) त्या कोडच्या वाटेला जात नाही, त्याला ईएफआय पार्टिशनमधली बूट फाइल लागते. सीएसएम हा या दोघांमधला दुभाषा, आणि नेमका तोच बंद केलेला. डिस्क, विंडोज, डेटा, सगळं ठणठणीत होतं.

सीएसएम चालू केलं, एफ१० दाबलं, विंडोज उघडलं. मॅडमनी आधी टॅली उघडून कंपन्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

पण ११ हवंच होतं, मग ते नीट करायचं ठरवलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि फायली माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या. एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजचं स्वतःचं टूल आहे, डेटा न पुसता डिस्क बदलतं. 'व्हॅलिडेट' ही त्याची आधीची चाचणी दिली तर फेल! कारण आपल्या बाजारातली जुनी सवय: सी प्रायमरी म्हणजे स्वतंत्र भाग, आणि डी-ई एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटातले भाग. या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात, एक्स्टेंडेड अजिबात नाही. डी, ई आणि एक्स्टेंडेड काढल्यावर व्हॅलिडेट पास झालं. कन्व्हर्ट केलं, सीएसएम बंद, सिक्युअर बूट आणि टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू, आणि मशीन पहिल्याच झटक्यात उठलं. सी ड्राइव्हवरची एक फाइलही हलली नाही. असं काम झालं की दिवस सार्थकी लागतो. मग नवा डी बनवून डेटा परत टाकला आणि अपग्रेडला लावला.

तो पोरगा शेवटपर्यंत थांबून बघत होता. लबाड नव्हता. जिन्यात म्हणाला, "काका, फॉरमॅटचे ठरलेले पैसे मिळतात. शोधत बसायचे कोण देतं?" खरं आहे. गिऱ्हाईक फोनवर काय बिघडलंय ते सांगायच्या आधी फॉरमॅटचे किती घेता ते विचारतं. मॅडमनी तपासणीचे वेगळे पैसे कुरकुर न करता दिले, तसे फार थोडे देतात.

मी त्याला विचारलं, ती पिवळी ओळ याआधी दिसली नव्हती का?

"रोज दिसते की. सगळं डिलीट केलं की जाते."

त्या रोजच्यांपैकी किती जणांचं नुसतं एक सेटिंग उलटं फिरवायचं होतं, हे आता त्यालाही सांगता येणार नाही.