कँटीन, फ्लॅट आणि ‘फौजींची चैन’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नकार्यात, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकतोच हे: “तुम्हा फौजींचं बरं असतं. कँटीन फुकट, फ्लॅट फुकट, वर आर्मीचे एवढे धंदे. पैसा जातो कुठे?”

कँटीनमध्ये फुकट काडेपेटीही मिळत नाही. कँटीनला माल पुरवणारं सीएसडी, म्हणजे कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, हे १९४८ पासूनचं, संरक्षण मंत्रालयाखालचं खातं, मुख्यालय मुंबईत. माल स्वस्त पडतो तो घाऊक खरेदीमुळे, आणि खात्याला भरलेल्या जीएसटीपैकी निम्मा परत मिळतो म्हणून. दारू जीएसटीत येतच नाही, तिथे राज्याचं उत्पादन शुल्क. त्यामुळे राज्य बदललं की बाटलीचा भाव बदलतो.

शिवाय मर्यादा. कार्डं दोन, एक किराण्याचं, एक दारूचं. बिल करणारा कार्ड लावतो, उरलेली रक्कम स्क्रीनवर दिसते आणि घरून आणलेल्या यादीतला तेलाचा दुसरा डबा मुकाट्याने फळीवर परत जातो. “काका, तुमच्या कार्डावर एक बाटली काढून द्या ना” म्हणणाऱ्यांना हा डबा दाखवायला हवा. (काढून दिली तर कार्ड बंद होऊ शकतं, हे वेगळंच.)

फ्लॅटचं म्हणाल तर आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही १९७८ ची नोंदणीकृत संस्था, ना नफा ना तोटा. पैसे जवानाचे, हप्त्याहप्त्यानं. आणि कुलाब्याचं ‘आदर्श’ तिच्या खात्यावर मांडू नका, ती स्वतंत्र सहकारी सोसायटी होती. जवानाच्या ग्रुप इन्शुरन्सचा हप्ताही त्याच्या पगारातूनच कापतात.

‘आर्मीचे धंदे’ हे चित्र मला वाटतं सीमेपलीकडून आलंय. पाकिस्तानात १९५४ पासूनचं फौजी फाउंडेशन खत बनवतं, सिमेंट बनवतं. तिथल्या आर्मी वेल्फेअर ट्रस्टनं तर अस्करी बँक काढली. नाव तिथेही कल्याणाचंच! आपल्या सैन्याची ना बँक आहे, ना सिमेंटचा कारखाना.

पैसा जातो कुठे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. सीएसडी माल पुरवतं, पण दुकान चालवतं ते छावणीतलं युनिट. या युनिटच्या कँटीनला सुटणारा नफा वेल्फेअरला जातो, तो सरकारी तिजोरीतला धरत नाहीत. याची झळ कोणाला बसते? काउंटरवरच्या पोराला. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं युनिट कँटीनच्या कामगारांना सरकारी नोकर मानलं. २००९ मध्ये त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठानं तो निकाल फिरवला: ही कँटीनं सरकारी निधीवर चालत नाहीत, सबब हे सरकारी नोकर नव्हेत. माल सरकारी खात्याकडून आलेला, दुकान छावणीत, हुकूम साहेबांचा, आणि पोरगा खाजगी. फौजींच्या चैनीबद्दल मला शंभर जणांनी छेडलंय. त्या पोराचा पगार अजून कोणी विचारलेला नाही.