घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर महाल-इतवारीकडे धावतं. काळी मारबत, पिवळी मारबत या बायकांच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे आणि गर्दीचा एकच गजर, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात. ती बघून घामाघूम घरी आलो की लेक फ्रिज उघडतो, डब्यावर डबे बघतो आणि हात जोडतो, ‘शिळंपाकं घेऊन जा गे मारबत!’

मी काही जाऊ देत नाही. खरं सांगते, पोळ्याच्या पंगतीपेक्षा मला हेच जेवण आवडतं. काल सगळ्यांना वाढता वाढता माझं ताट थंडगार झालेलं असतं.

पहिला मान भाताचा. ताजा भात परतला की त्याचा गोळा होतो. रात्रभर गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून शीत न् शीत सुटं राहतं. (भात रात्रीच फ्रिजमध्ये गेलेला हवा. बाहेर राहिलेला कितीही तापवला तरी बाधू शकतो. तिथे माझी काटकसर संपते.) भाताला वाफ आणायची, कालचे डाळीचे वडे तव्यावर कडा कुरकुरीत होईस्तोवर शेकायचे आणि वर कुस्करायचे. मग पळीत तेल, मोहरी, हिंग, लाल मिरच्या. मिरची काळी पडायच्या आत चर्रकन भातावर. घरभर ठसका! सासूबाई दरवर्षी म्हणतात, ‘वडाभाताले वडे ताजेच पाहिजेत वं,’ आणि दरवर्षी दुसऱ्यांदा घेतात.

भज्यांना अक्कल लागत नाही, उकळत्या कढीत सोडली की झालं. साध्या पोळ्यांचे कुटके. भोपळ्याची भाजी धपाट्यांत अशी जिरते, की भोपळा न खाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

उरलेल्या पुरणात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ घालून घट्ट मळते. पाण्याला घाई करायची नाही, गूळच पाझरतो. पुऱ्या मंद आचेवर तळायच्या, नाहीतर गुळामुळे वरून लाल आणि आतून कच्च्या.

संध्याकाळी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारात आली. बोजारा म्हणून प्रत्येकाला दहाची नोट दिली, वर एकेक पुरी. सगळ्यात लहान्याने नोट तशीच पायरीवर टाकली, पुरी बैलाच्या पाठीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सांभाळत निघाला.