खान्देशी व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे कुठे अडकतात

खापरावरचे मांडे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कानबाई देवीचे रोट, अहिराणीतली नवरा-बायकोची भांडणं. आपल्याकडच्या घरगुती व्हिडिओंना बघणारे भरपूर आहेत. सुरत-पुण्याला कामाला गेलेली मंडळी तर शोधून शोधून बघतात. तरी कित्येक यूट्यूब चॅनलवर पैसा येत नाही, किंवा आलेला दुसऱ्याकडे वळतो. दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा घोळ गाण्यात नाहीतर कागदपत्रांत असतो.

आधी पात्रता. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर लागतात. सोबत मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणी, किंवा मागच्या 90 दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) 1 कोटी व्ह्यूज. चार हजार तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. दहा मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघत असतील, तर वर्षभरात 60,000 व्ह्यूज पुरे. शॉर्ट्सच्या वाटेने मात्र तीन महिने रोज लाखाच्या वर व्ह्यूज लागतात, आणि शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या 4,000 तासांत धरला जात नाही. म्हणून घरगुती चॅनलने लांब व्हिडिओच मुख्य ठेवावेत. वाटाही तिथेच जास्त आहे: लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के आपले, शॉर्ट्समध्ये 45.

आता गाणं. सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो. हळदीचा छान व्हिडिओ असतो, मागे डीजेवर गाजलेलं अहिराणी गाणं वाजत असतं. व्हिडिओ चढवताच यंत्रणा ते गाणं ओळखते, कॉपीराइटचा क्लेम, म्हणजे गाण्यावरचा मालकीचा दावा, येतो आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. ‘दहा सेकंद चालतात’ हे खरं नाही. खाली ‘श्रेय मूळ गायकाला’ लिहिल्यानेही काही होत नाही. क्लेम म्हणजे स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्याची नोंद) नव्हे, त्याने चॅनल जात नाही. पण 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. क्लेम आला की यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या यूट्यूबच्या साधनात) तेवढा भाग कापता येतो, त्याचा आवाज बंद करता येतो किंवा गाणं बदलता येतं.

आपल्या बायकांनी स्वतःच्या गळ्यातून म्हटलेली कानबाईची पारंपरिक गाणी ही वेगळी गोष्ट. चाल परंपरेची, आवाज आपला. तरीही कधी कुणाच्या रेकॉर्डिंगशी जुळल्यामुळे चुकून क्लेम येतो. तेव्हा गप्प बसू नका. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर क्लेम आल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला राखली जाते. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात.

व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपा जोडून केलेल्या चॅनलचा कमाई सुरू करण्याचा अर्ज ‘पुन्हा वापरलेली सामग्री’ म्हणून नाकारला जातो. आपला आवाज, आपले हात, आपलं अंगण दिसायला हवं. पहिल्यांदा नकार आला तर 30 दिवसांनी परत अर्ज करता येतो.

आठ मिनिटं किंवा जास्त लांबीच्या व्हिडिओत मधे जाहिरात टाकता येते. ती आपोआप पडू देण्यापेक्षा जागा स्वतः निवडा. मांडा हातावर फिरवून खापरावर टाकतानाचा क्षण जाहिरातीने तोडला, तर बघणारा निघून जातो. तो भाजून घडी झाली की मग टाका. लेकरांसाठी नसलेला व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेला’ असा नोंदवू नका. तशा व्हिडिओवर कमेंट बंद होतात आणि जाहिरातही कमी भावाची येते. नुसतं लेकरू दिसतं म्हणून तो व्हिडिओ मुलांसाठीचा ठरत नाही.

चित्रीकरणाचं थोडक्यात: एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो, म्हणून सकाळी नवाच्या आत उरका, कव्हर काढा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. कॉलर माइकला स्पंजची टोपी हवीच. शेतातल्या वाऱ्याने आवाज फाटतो.

मग ॲडसेन्स, म्हणजे जाहिरातीचे पैसे आपल्यापर्यंत पोचवणारं गूगलचं खातं. माणसामागे एकच खातं, वय 18 पूर्ण. नाव पॅन आणि बँक पासबुकावर आहे अगदी तसंच टाका; एकीकडे ‘भाऊ’ किंवा ‘बाई’ जोडलेलं आणि दुसरीकडे नसलेलं चालत नाही. खात्यात 10 डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर, पत्ता पडताळायच्या पिनचं (गुप्त आकड्याचं) पत्र पोस्टाने निघतं, पोचायला दोन ते चार आठवडे लागतात. पत्ता इंग्रजी अक्षरांत, घर किंवा गल्लीची खूण, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड असा पूर्ण लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. एका नावाची गावं खान्देशात ठिकठिकाणी आहेत, तालुका राहिला की पत्र भटकतं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

अमेरिकेच्या कराविषयीच्या माहितीचा फॉर्म टाळू नका. व्यक्तीसाठी डब्ल्यू-8बीईएन हा फॉर्म आहे, त्यात पॅन द्यायचा. तो भरला की भारत-अमेरिका करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर 15 टक्के कपात होते. न भरल्यास जगभरच्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कापतात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या प्रेक्षकांच्या पैशातूनही.

पैसे 100 डॉलर झाल्यावरच निघतात, पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान. पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही. बँक खातं हवं आणि स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड) हवा, जो गावच्या शाखेला बहुधा नसतो. अशा वेळी शाखेत विचारा की परदेशी पैसे तुमच्या कोणत्या शाखेमार्फत येतात. त्या शाखेचा स्विफ्ट कोड टाकायचा. खाते क्रमांक आणि आयएफएससी मात्र आपल्याच शाखेचे. पैसे आल्यावर बँक ‘हे कशाचे’ असं विचारू शकते. ॲडसेन्सची पावती छापून न्या आणि तिची एक प्रत प्राप्तिकर विवरणपत्रासाठी जपून ठेवा.