वाडी भरलेली असते तेव्हा

८ जून, पाली-सुधागड

मृग लागला. कातकरवाडीवर जायचं तर आताच, भट्ट्या थंड झाल्यावर. दिवाळीनंतर जोडीनं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन घरंच्या घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळशावर निघून जातात, पोरंबाळंही बरोबर. मागे उरतात म्हातारी माणसं. जानेवारीत पाहणी केली की दारं बंद दिसतात, कुटुंबं कमी मोजली जातात, आणि पुढे त्याच आकड्यांवर घरकुलं ठरतात.

संकटातली जमात बघायला अंदमान गाठायची गरज नाही. महाराष्ट्रात केंद्राच्या यादीतल्या आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातले कातकरी मुंबई-गोवा हायवेच्या हाकेवर राहतात. खैराचा नार, म्हणजे खोडातला गाभा, कापून, उकळून, आटवून कात पाडायचा हा त्यांचा धंदा. १८७८ च्या वनकायद्यानंतर खैर तोडणं गुन्हा झालं, आणि नावातला धंदा हातातून गेला. शेतजमीन तर बहुतेकांकडे कधी नव्हतीच.

वाडीत पोचल्यावर पहिलं विचारायचं ते हे, की झोपडीखालची जागा कुणाच्या नावावर आहे. पुष्कळदा ती खाजगी मालकाची निघते. मालक फार्महाऊसवाल्याला जागा विकतो, कुंपण पडतं, विहिरीची वाट तुटते. मग भट्टीवाल्याची उचल नाकारायची ताकद कुणात राहणार? १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली खरी, पण उचल फिटेपर्यंत सुटका नाही हा प्रकार तसाच चालतो.

९ जून

कडू करांद्याची गोष्ट टिपून ठेवायलाच हवी. साल काढून पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात चांगल्या उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या. चकती जाड राहिली तर मधला कडवटपणा निघत नाही. साठलेल्या पाण्यात ठेवल्या तर सुटलेला कडूपणा तिथंच फिरत राहतो, खाल्ल्यावर घशाला खाज सुटते, उलट्या होतात. चाखून बघायचं, कडू लागलं तर पुन्हा उकळायचं. किती जाडी पुरे हे म्हातारीच्या बोटांना कळतं, सांगून कळत नाही.

आणि करांदे तयार होतात दिवाळीच्या सुमारास, नेमकी पोरं भट्टीवर निघतात तेव्हा. म्हातारीजवळ बसून शिकणार कोण? कातकरी बोलीतली वेलींची, कंदांची नावंही अशीच निसटतात. जीव तुटतो.

कागदांचंही तेच. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या आजोबांचा पुरावा कुठून आणायचा? तिथे गृहचौकशी, म्हणजे घरी येऊन केलेली सरकारी चौकशी, मागायची. आडनाव आणि ‘काथोडी’ की ‘कातकरी’ ही नोंद सगळ्या कागदांवर जुळते का, तेही आधी पाहायचं. अनुसूचित जमातींच्या यादीत दोन्ही शब्द आहेत, तरी टेबलावरचा माणूस अडवतो.

वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काच्या, दाव्यात दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचं त्यात स्पष्ट यायला हवं. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, त्यांत एक तृतीयांश बाया. डिसेंबरात बोलावलेल्या सभेत कोरम भरायचाच नाही. लावणी आटोपली की श्रावणात सभा लावायची आणि जबाब त्याआधी, याच महिन्यात लिहून घ्यायचे.